सहाशे अकराची रेघ

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.४०
आजपासून रोजनिशी. कारण भावनिक नाही. प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात, बाकीचं कुठे लिहावं कळत नाही, म्हणून.

परिस्थिती अशी. २८ तारखेला प्रयोग तपासायला समिती येणार. तोपर्यंत आमच्या पॉलिमरमधून लेसर निघाला पाहिजे. निघाला तर ही प्रयोगाची खोली आमची. नाही निघाला तर खोली सेन्सरवाल्यांना, आणि आम्ही जिन्याखालच्या खोलीत. संचालक म्हणाले, तुमच्यावरचा प्रसंग आम्ही जाणतो, पण जागा कमी पडते. मी म्हणालो, प्रसंगाचा इथे संबंध नाही.

ऑक्टोबरात ही गेली. नोव्हेंबरपासून मी एकही रजा घेतलेली नाही. तब्येत उत्तम.

संकल्प: रोज सकाळी अर्धा तास चालणे. सांत्वनाचे १४२ मेसेज आले आहेत, त्यांना उत्तरं देणे. एक वेळ तरी घरी शिजवणे.

४ मार्च, मंगळवार
चाललो नाही. बुटाची लेस तुटली.

खोलीची मांडणी लिहून ठेवतो, समितीला दाखवताना उपयोगी पडेल. खिडकी नाही, मोजताना छतावरचे दिवे बंद. मधोमध काळा पडदा. अलीकडे माझं: हिरवा लेसर, भिंगं, उजेडातले रंग वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर. पलीकडे हिचं: रसायनांची कपाटं, वजनकाटा, टेबल. पॉलिमर ही करायची, त्यातून उजेड मी काढायचो. एकोणीस वर्षं.

हिच्या टेबलावरचा दिवा चालू असतो. ऑक्टोबरात, त्या दिवशी दुपारी ही म्हणाली, डोकं जड झालंय, जरा पडून येते. तेव्हापासून चालू आहे. मी केव्हाच बंद केला असता, पण स्विच कडक आहे. जोर लावला तर तुटायचा. दादांना सांगायला हवं. दादा म्हणजे आमचे मेकॅनिक. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळ्यांचे दादा.

पडदा हातभर उघडा ठेवतो. हवा खेळती राहते.

५ मार्च, बुधवार
नवी केमिस्ट जानेवारीत आली. 'हिच्या जागी' असं लिहिणार होतो. पण जागा रिकामी कुठे आहे, टेबल भरलेलं आहे. ती कोपऱ्यात स्टुलावर बसते. तक्रार करत नाही, म्हणजे स्टूल सोयीचं असणार.

तिने स्वतःचं पॉलिमर बनवलंय. दोन ग्रॅम, चकचकीत नारिंगी. म्हणाली, सर, हे वापरा, पाहिजे तेवढं आहे. मी म्हणालो, समितीसमोर सिद्ध झालेला माल न्यावा. हिची बॅच सतरा. तपकिरी बाटलीत चोवीस मिलिग्रॅम उरली आहे. काचेवरच्या एका पातळ थराला, म्हणजे फिल्मला, सहा. चार फिल्म. पुरे.

यात भावनेचा प्रश्न नाही, शुद्धतेचा आहे.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३
पहिली फिल्म. बाटली उघडायला पंचवीस मिनिटं लागली. झाकण घट्ट बसलं होतं.

काचेवर थेंब, काच गरगर फिरवली, वाळवली, नायट्रोजनच्या डबीत ठेवली. हिरवा पंप, म्हणजे फिल्म पेटवणारा लेसर, सोडला. फिल्म लाल पेटली. साधा उजेड असला तर स्क्रीनवर रुंद टेकाड येतं. लेसर झाला तर टेकाडाच्या जागी बारीक उभी रेघ येते.

त्याआधी बॅकग्राउंड वजा करावा लागतो. म्हणजे पंप बंद ठेवून, अंधारात मशीन जे काही दाखवतं त्याची एक फाइल घ्यायची, डार्क फाइल, आणि ती मोजमापातून वजा करायची. मी हिची गेल्या सप्टेंबरची डार्क फाइल वापरली. फाइलच्या नावात हिची आद्याक्षरं आहेत. नवी केमिस्ट म्हणाली, सर, नवीन घेऊ या, दोन मिनिटांचं काम. मी म्हणालो, मशीन तेच, खोली तीच. अंधार काय शिळा होतो? ती म्हणाली, अंधार नाही होत सर, खोली बदलते.

खोली बदललेली नाही. मी बदलूच दिलेली नाही.

स्पेक्ट्रोमीटरवर हिच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. पाठ आहे, त्यामुळे वाचायची गरज नाही.

दुपारी ३.५०
रेघ.

टेकाडावर बारीक, ताठ, ६११ नॅनोमीटरवर. मला वाटलं डोळे दमले. चष्मा पुसला. रेघ होती.

दारापर्यंत जाऊन परत आलो. कुणाला सांगायचं ते सुचेना.

८ मार्च, शनिवार
रेघ ६२० वर येईल अशी अपेक्षा होती. नऊ नॅनोमीटरचा फरक काही मोठा नाही. लेसरलाही स्वतःचं मन असतं. शेजारी आणखी दोन बारीक टोकं दिसतात. लेसरला असतात तशी.

बुटाला नवी लेस आणली. घरी गेल्यावर कळलं, आखूड आहे.

१० मार्च, सोमवार
आज एक विलक्षण गोष्ट.

लेसरला एक थ्रेशोल्ड असतो. पंपाचा जोर त्याच्या खाली गेला की रेघ मरते, टेकाड उरतं. पॉलिमरला हा थ्रेशोल्ड नेहमी फार उंच, तेच या धंद्यातलं दुखणं. तर मी पंप निम्मा केला. रेघ तशीच. पाव केला. तशीच. दहावा हिस्सा केला. टेकाड बसलं, रेघ ताठ.

इतका खाली थ्रेशोल्ड मी कुठल्या पेपरात वाचलेला नाही.

शिवाय हिरव्या माऱ्याने कुठलीही फिल्म तासाभरात विझत जाते. टेकाड उतरत गेलं खरं, पण रेघ एक केसभरही कमी नाही. बॅच सतरामध्ये दम आहे. ही म्हणायची, तुम्हाला माझ्या कामाची किंमत शेवटी कळेल.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळ
लेकीचा फोन. तिचं शहर इथून दूर, फोन बुधवारी ठरलेला. जेवलात का, हा पहिला प्रश्न. मी ब्रेडचं नाव घेतलं नाही. मग विचारलं, सध्या काय चाललंय. मी समजावून सांगितलं. उजेड पडला की रेणू वरच्या अवस्थेत जातो. तिथे फार टिकत नाही, नॅनोसेकंदाहूनही कमी. खाली येताना आपला उजेड देतो. पुष्कळ रेणू एकदम वर असतील तर एकाच्या उजेडाने दुसरा खाली येतो, दुसऱ्याच्या तिसरा, सगळे एका तालात. तो लेसर.

ती म्हणाली, आणि जे खाली येतच नाहीत ते?

मी म्हणालो, बरोबर विचारलंस. काही अडकतात. त्यांना परत यायचा सरळ रस्ता नसतो. स्वतः उजेड देत नाहीत, उलट दुसऱ्यांचा खातात. लेसरचं मुख्य नुकसान तेच करतात.

मग त्यांचं काय करायचं?

मी म्हणालो, थोडी हवा लागू दिली तर मोकळे होतात. पण हवेने फिल्म खराब होते, म्हणून आम्ही डबी बंद ठेवतो.

मग म्हणाली, बाबा, तुम्ही घराबाहेर पडता का?

विषयाशी संबंध नव्हता. रोज ऑफिसला जातो म्हणालो.

१४ मार्च, शुक्रवार
दुसरी फिल्म. रेघ ६११ वरच. दशांशापर्यंत तीच. याला म्हणतात पुनरावृत्ती.

संचालकांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, विक्रमी म्हणायचं का? मी म्हणालो, शब्द जपून वापरू. त्यांनी तिथल्या तिथे समितीला मेल केला. विषयाच्या ओळीत 'विक्रमी'.

आता मागे फिरता येणार नाही. फिरायचं कारणही नाही.

१७ मार्च, सोमवार
नवी केमिस्ट दुपारी पाठीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, सर, पंप शून्य करून पाहिलात का?

शून्यावर कोण लेसर चालवतं? शिकलेल्या बाईने असा प्रश्न विचारावा. मी म्हणालो, वेळ झाला की बघू.

१८ मार्च, मंगळवार
मी चहाला गेलो असताना तिने तिची स्वतःची फिल्म लावून पाहिली. परत आलो तर स्क्रीनवर रेघ. ६११. तिने काही बोलायच्या आत मी म्हणालो, डबीत हिच्या पॉलिमरचे कण राहिले असणार. ती म्हणाली, मग कोरी काच लावून बघू या का? पॉलिमरच नको.

मला मीटिंग होती.

मीटिंग नव्हती. जिन्यात उभा राहिलो. जिन्याखालची खोली वरून बघितली. तिथे मोडक्या खुर्च्या आहेत.

१९ मार्च, बुधवार
खोलीला कुलूप लावायला सुरुवात केली आहे. किल्ली खिशात. समितीच्या आधी मांडणीला कुणाचा धक्का लागू नये, एवढाच हेतू. काम अडतं अशी तक्रार घेऊन केमिस्ट संचालकांकडे गेलेली नाही. याचा अर्थ तिचं फारसं अडत नाही.

तिसरी फिल्म. बाटलीत सहा मिलिग्रॅम.

झोप येते, पण लागत नाही. पहाटे मनात येतं ते असं: पंप निम्मा केला तर रेघ थोडी तरी कमी व्हायला हवी होती. कोणतीही रेघ. मग मी उठून पाणी पितो.

लेकीचा फोन आला. उचलायचा राहिला.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
केमिस्टसाठी कुलूप उघडलं. ती आत आली, स्टुलावर बसली नाही. अगदी हळू म्हणाली, सर, एकदाच. फक्त मॅडमचा दिवा बंद करून मोजू.

मी म्हणालो, स्विच कडक आहे.

म्हणाली, मी करते.

आणि पडद्याकडे वळली. माझा आवाज थोडा वाढला. पंपाचा पंखा चालू असला की इथे मोठ्यानेच बोलावं लागतं.

पंप बंद होता.

दादा कॉरिडॉरमधून धावत आले. ती तिथेच उभी, हात पडद्याला लागलासुद्धा नव्हता. म्हणाली, ठीक आहे सर. पर्स घेतली आणि गेली. दादांनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, साहेब, एवढा आवाज तुमच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मलाही नव्हतं.

२२ मार्च, शनिवार
संकल्प: सोमवारी माफी मागणे. चार वाक्यं तयार केली. चौथं जरा लांब झालंय.

२४ मार्च, सोमवार
तिने दोन दिवसांची रजा टाकली आहे. माफी लांबणीवर. यात माझा दोष नाही.

दादा आले. म्हणाले, पोरगी दोन लहान लेकरं घरी ठेवून येते, अडीच महिने स्टुलावर बसते, तुमच्याविरुद्ध एक शब्द नाही. मी म्हणालो, पोरगी कसली, चाळिशीची आहे. ते म्हणाले, मॅडम असत्या ना, तर आधी तुमचा कान धरला असता आणि मग चहा पाजला असता.

बरोबर याच क्रमाने.

मी म्हणालो, दादा, त्या दिव्याचा स्विच जरा बघायचा आहे. ते म्हणाले, नोव्हेंबरपासून सांगताय. बघायला आलो की म्हणता, आज नको.

आज नको म्हणालो. समितीनंतर.

२७ मार्च, गुरुवार
शेवटची फिल्म. बाटली दोनदा धुवून काढली, कडेला लागलेलंही घेतलं. आता तिच्यात काही नाही. फेकली नाही. हिच्या टेबलावर दिव्याखाली ठेवली. तपकिरी काचेतून उजेड बरा दिसतो.

केमिस्ट रजेवरून परत आली. समोरासमोर आलो. मला फक्त पहिलं वाक्य आठवलं, तेही मधूनच. म्हणालो, उद्या दहा वाजता. ती म्हणाली, येते सर.

उद्या ही रेघ दिसली की खोली राहील. टेबल राहील. सगळं जिथल्या तिथे राहील. बाकीचं मागाहून बघता येईल.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी २
घडलं तसं लिहितो.

समितीत तिघं. अध्यक्षबाई साठीच्या, बारीक, पांढरे केस. एक अगडबंब गृहस्थ, खिशाला चार पेनं. तिसरे सारखा फोन बघत होते. बरोबर संचालक. दारापाशी दादा, स्टुलाशी केमिस्ट.

मी पंप सोडला. रेघ आली. संचालक 'हं!' म्हणाले. पंप निम्मा केला, रेघ तशीच. पाव केला, तशीच. फोनवाल्यांनी फोन खिशात टाकला. कुणीतरी वा म्हणालं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, आता शून्य करा.

मी उत्तर तयार ठेवलं होतं, शून्यावर कोण लेसर चालवतं वगैरे. पंपाची झडप बंद केली. फिल्म विझली, लाल गेलं.

स्क्रीनवर रेघ उभी.

संचालक म्हणाले, वा, बंद केल्यावरसुद्धा चालू! कुणी हसलं नाही. मग त्यांनीही हसू आवरलं.

अगडबंब गृहस्थांना कंटाळा आला असावा. ते पलीकडची बाजू बघायला पडद्याच्या फटीपाशी जाऊन उभे राहिले. रेघ गेली. ते बाजूला झाले. रेघ आली. पुन्हा डोकावले. गेली. आता सगळे एकदा स्क्रीनकडे आणि एकदा त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते घाबरले. म्हणाले, मी काही हात लावलेला नाही हां.

केमिस्ट खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होती. ती सहज बोलू शकली असती. एक शब्द बोलली नाही.

अध्यक्षबाईंनी स्पेक्ट्रोमीटरवरची चिठ्ठी वाचली. मोठ्याने. 'आधी सगळे दिवे बंद, मग डार्क, मग मोजणं. विसरलात तर मला सांगू नका.' म्हणाल्या, कुणाचं अक्षर?

माझ्या पत्नीचं.

मग मीच सांगितलं. ही रेघ टेबललॅम्पची आहे. सीएफएलच्या लाल रंगाची. ६११. दर जानेवारीत मी याच रेघेवर हे मशीन जुळवतो. डार्क फाइल सप्टेंबरची, तेव्हा दिवा बंद असायचा, म्हणून त्याचा उजेड वजा झालाच नाही.

खोलीत फक्त पंखा. या वेळी खरोखर चालू होता.

अध्यक्षबाई त्या गृहस्थांना म्हणाल्या, तुम्ही जरा तिथेच उभे राहा, हलू नका. मला म्हणाल्या, पंप सोडा, पूर्ण. सोडला. फिल्म लाल पेटली. रेघ नव्हती. एक टेकाड आलं. रुंद, बुटकं. त्या स्क्रीनजवळ वाकल्या. म्हणाल्या, हे मात्र खरं आहे. बॅच कितवी?

सतरा. शेवटची.

जपून ठेवायची होती, म्हणाल्या.

संध्याकाळ ५
बॅकग्राउंड वजा करण्याचं महत्त्व समितीला प्रत्यक्ष प्रयोगातून पटलं, हे माझं योगदान आहे. अगडबंब गृहस्थांचंही.

२९ मार्च, शनिवार
हिशेब केला. चार फिल्म, चोवीस मिलिग्रॅम. तीन आठवडे मी हिचा शेवटचा माल जाळून हिचा दिवा मोजला.

लेकीला फोन केला. आज बुधवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. मी म्हणालो, काही झालेलं नाही. मग सगळं सांगितलं. रेघेचं सांगताना ती हसायला लागली, आणि मग मला कळेना ती हसते आहे का. म्हणाली, बाबा, आई असती तर आठवडाभर पुरलं असतं तिला हे.

महिनाभर, मी म्हणालो.

३१ मार्च, सोमवार
पत्र आलं. खोली सेन्सरवाल्यांना. आम्हाला दहा दिवस. तशी ही खोली मोठीच होती, झाडायला त्रास. जिन्याखालची आटोपशीर आहे.

केमिस्ट तिच्या बाटल्या खोक्यात भरत होती. चार वाक्यं घेऊन गेलो. तोंडातून आलं ते पाचवंच. म्हणालो, स्टुलावर पाठ दुखत असेल.

दुखते सर, म्हणाली.

म्हणालो, खाली गेल्यावर टेबल तुम्ही घ्या. आणि पुढची फिल्म तुमच्या पॉलिमरची लावू. पण डार्क नवीन घ्यावी लागेल.

ती म्हणाली, आणि दिवा?

मी दादांना हाक मारली. म्हणालो, पेचकस आणा, तेल आणा, तो स्विच फार कडक आहे. ते सगळं घेऊन आले. पेचकस, तेलाची बुधली, वर एक नवा स्विच. टेबलापाशी उभे राहिले, पण हात पुढे केला नाही. म्हणाले, आधी तुम्ही एकदा दाबून दाखवा साहेब, म्हणजे किती कडक ते कळेल.

मी म्हणालो, कडकच आहे. ते म्हणाले, असेल. दाबा.

केमिस्टने खोका खाली ठेवला आणि छतावरचे दिवे घालवले.

रिकामी बाटली बाजूला सरकवली. स्विचवर थोडी धूळ होती. बोट ठेवलं, जरा थांबलो, दाबलं. दिवा गेला. पडद्याच्या दोन्हीकडे सारखाच अंधार झाला. त्याच अंधारात चाचपडत जाऊन नवी डार्क फाइल घेतली. आजची तारीख, माझी आद्याक्षरं. ६११ वर काही नाही.

दादांना उगाच तेल आणायला लावलं. स्विच कडक नव्हता.